दोघांनी चालवायचं यंत्र

1673 साली डान्झिग शहरात छापलेल्या एका पुस्तकात तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेलं एक चित्र आहे. माणसापेक्षा मोठी पितळी कमान, तिच्या एका अंगाला एक पुरुष, दुसऱ्या अंगाला एक बाई. दोघांचेही डोळे दोन वेगवेगळ्या ताऱ्यांवर. पुरुष म्हणजे योहानेस हेव्हेलियस आणि बाई त्याची पत्नी एलिझाबेथ. वेधशाळेच्या जुन्या चित्रांत बाया दिसतात त्या बहुधा आकाशदेवता म्हणून. ही मात्र काम करते आहे. मला हे चित्र म्हणूनच फार आवडतं.

डान्झिग म्हणजे आजच्या पोलंडमधलं ग्दान्स्क. हेव्हेलियस तिथल्या बिअर गाळणाऱ्या सधन घरातला, जन्म 1611 चा. दिवसा धंदा आणि नगरपालिकेचं काम, रात्री आकाश. 1641 पासून त्याने आपल्या शेजारशेजारच्या घरांच्या छपरांवर मचाण बांधून वेधशाळा उभी केली. चंद्राचे नकाशे स्वतः काढले, त्यांचे ठसेही स्वतःच कोरले आणि 1647 मध्ये छापले. पण त्याचा खरा ध्यास होता ताऱ्यांची यादी. आकाशातल्या प्रत्येक ताऱ्याची जागा, आधी कुणी मोजली नसेल इतकी नेमकी.

त्यासाठी ती पितळी कमान. वर्तुळाचा सहावा हिस्सा, म्हणजे साठ अंश, म्हणून तिला सेक्स्टंट म्हणतात. एक माणूस स्थिर पट्टीवरून एक तारा धरून ठेवतो, दुसरा सरकती पट्टी हलवत दुसरा तारा धरतो, आणि दोघांचेही तारे एकाच क्षणी जागेवर आले की कमानीवरचा आकडा वाचायचा. तारे सतत सरकत असतात, त्यामुळे एकट्याने आधी हा, मग तो, असं करून भागत नाही. पहिली पत्नी 1662 मध्ये वारल्यावर हेव्हेलियसने पुढच्या वर्षी एलिझाबेथ कोपमनशी लग्न केलं. तो 52 वर्षांचा, ती जेमतेम 16 ची. हे अंतर आज खटकतं, खटकायलाच हवं. पण तिला खगोलशास्त्राची ओढ होती आणि पुढची चोवीस वर्षं ती वेध घेत राहिली, हेही तितकंच खरं.

आता नेमकेपणा म्हणजे किती, ते पाहू. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. रुपयाचं नाणं पाऊणशे मीटरवर धरलं तर ते साधारण एवढं दिसेल. सहा फूट त्रिज्येच्या कमानीवर हे एक मिनिट जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा घेतं. हेव्हेलियसला याहून बारीक मोजायचं होतं, तेही दुर्बिणीशिवाय! चंद्र-ग्रह बघायला त्याच्याकडे दुर्बिणी होत्या, एक तर दीडशे फूट लांबीची. पण कोन मोजायच्या यंत्रावर दुर्बीण बसवायला तो तयार नव्हता. दुर्बिणीतली भिंगं किंवा नेम धरायच्या बारीक धातूच्या तारा जरा हलल्या तर चूक होईल आणि ती लक्षातही येणार नाही, ही त्याची भीती.

लंडनचा शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने 1674 मध्ये त्याच्यावर कडाडून टीका केली. मुद्दा बिनतोड वाटणारा होता: माणसाच्या डोळ्याला एका मिनिटापेक्षा बारीक काही वेगळं दिसतच नाही, मग कमान कितीही मोठी करा, उपयोग काय?

1679 च्या मे महिन्यात लंडनहून खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली डान्झिगला आला. वय 22, सोबत दुर्बीण बसवलेलं यंत्र. म्हातारा हेव्हेलियस 68 चा. जवळजवळ दोन महिने दोघांनी एकाच छपरावरून तेच तारे मोजले. वेध पुन्हा पुन्हा इतके जुळले की हॅलीने तसं लिहून दिलं.

मग हूकचं कुठे चुकलं? दोन ठिपके वेगळे ओळखणं आणि दोन रेघा एका ओळीत आहेत का हे ओळखणं, ही डोळ्याची दोन वेगळी कामं आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर वापरलाय ना? कुठली रेघ कुठल्या रेघेशी जुळली हे आपण झटकन सांगतो. ठिपके वेगळे दिसायला जेवढं अंतर लागतं त्याच्या अनेक पटींनी कमी फरक तिथे डोळा पकडतो. हेव्हेलियसच्या नेम धरायच्या पट्टीवर ताऱ्याचा प्रकाश दोन्ही कडांना सारखा दिसेपर्यंत पट्टी सरकवायची असे. म्हणजे तुलनाच. आजच्या मोजणीशी ताडलं तर त्याच्या यादीतल्या जागांची नेहमीची चूक मात्र दोन मिनिटांच्या आसपास येते. अर्थात पुढचा काळ दुर्बिणीचाच होता. याबाबतीत हूकचं बरोबर होतं आणि हेव्हेलियस हट्टी होता, असंच मला वाटतं.

हॅली परतल्यावर दोन-अडीच महिन्यांतच, 26 सप्टेंबर 1679 च्या रात्री, घराला आग लागली. हेव्हेलियस तेव्हा गावाबाहेरच्या बागेत होता. वेधशाळा, यंत्रं, छापखाना, नुकत्याच छापलेल्या ग्रंथाच्या बहुतेक प्रती जळाल्या. तारायादीचं हस्तलिखित मात्र वाचलं. ते तेरा वर्षांच्या मुलीने, काटारिनाने, बाहेर काढलं असं सांगतात. खगोलशास्त्रज्ञ केप्लरची हस्तलिखितंही वाचली. ती हेव्हेलियसने केप्लरच्या मुलाकडून विकत घेतली होती. पुढे गणितज्ञ ऑयलरच्या सांगण्यावरून रशियाच्या कॅथरीन राणीने ती घेतली आणि आज ती सेंट पीटर्सबर्गमध्ये आहेत. केप्लरचे कागद जपल्याबद्दल तरी हेव्हेलियसचे आभार मानायलाच हवेत.

त्याने वेधशाळा पुन्हा उभी केली, पण ती पहिल्याइतकी झाली नाही. 28 जानेवारी 1687 ला, आपल्या 76 व्या वाढदिवशीच, तो गेला. यादी अजून हस्तलिखितातच होती. ती छापून घेतली एलिझाबेथने, 1690 मध्ये. 1564 तारे, आणि शेजारच्या रकान्यांत टॉलेमी, समरकंदचा उलुघ बेग आणि टायको ब्राहे या आधीच्या खगोलशास्त्रज्ञांचे आकडे तुलनेला. ते हस्तलिखित 1971 पासून अमेरिकेत युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात आहे.

त्या यादीसोबतच्या नकाशांत हेव्हेलियसने काही नवे तारकासमूह आखले. एक जळून गेलेल्या यंत्राच्या आठवणीसाठी होता: षडंश, म्हणजे सेक्स्टंटच. एप्रिलच्या संध्याकाळी मघा नक्षत्राच्या दक्षिणेला, सिंह आणि वासुकी यांच्या मधल्या ओसाड जागेत तो आहे. त्यातले तारे फिके आहेत, शहरातून दिसणार नाहीत. गावाकडे, चंद्र नसलेल्या रात्री, डोळे अंधाराला सरावले की दोन-तीन लागतात.