चतुर वरून, टाचणी बाजूने

लहानपणी शेपटीला दोरा बांधून आपण ज्याचं ‘हेलिकॉप्टर’ केलं, तो चतुर. (ती शेपटी नसून त्याचं पोट होतं, हे पुढे कळलं आणि वाईट वाटलं.) त्याच तळ्याकाठी गवताच्या पात्याला चिकटून बसलेली, सुईइतकी बारीक दिसते ती टाचणी. दोघेही ओडोनाटा गणातले, त्यामुळे टाचणीला सर्रास चतुर म्हटलं जातं. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठे फोटो काढणाऱ्याला मात्र ही गल्लत महागात पडते, कारण दोघांसाठी कॅमेरा धरायचा कोनच वेगळा.

फरक पंखांत आहे. चतुर बसला तरी त्याचे पंख विमानासारखे आडवे पसरलेले असतात आणि मागची जोडी बुडाशी चांगली रुंद असते. टाचणी बसली की पंख पाठीवर मिटून घेते. तिच्या दोन्ही जोड्या जवळपास सारख्या, बुडाशी देठासारख्या निमुळत्या.

आता लेन्समधून बघा. १:१ मॅक्रोमध्ये कीटक सेन्सरवर मूळ मापाएवढाच उमटतो. फुलफ्रेम (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं बारीक ठेवलं तरी तिथे जेमतेम एक-दीड मिलिमीटर खोलीचा पट्टाच स्पष्ट येतो. मिटल्या पंखांची टाचणी बाजूने पाहिली, तर डोळा, धड, पोट, पंख सगळं जवळपास एका पातळीत असतं. सेन्सर तिला समांतर धरला की निम्मं काम झालं. चतुर तसाच बाजूने टिपायला जा, एक पंख थेट लेन्सवर येतो, दुसरा पलीकडे जातो, दोन्ही धूसर. त्याला वरून घ्यावं, नाहीतर समोरून फक्त डोळे. शिवाय चार-पाच सेंटिमीटरचा चतुर १:१ ला ३६ मिलिमीटरच्या चौकटीत मावतच नाही. भातखाचरातली एक अगदी चिमुकली टाचणी, अ‍ॅग्रिओक्नेमिस पिग्मिया, जेमतेम दोन सेंटिमीटरची. ती अख्खी मावते.

ओळखीची दुसरी खूण डोळे. बहुतेक चतुरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडतात, हेल्मेट घातल्यासारखे. टाचणीचे डोळे डंबेलच्या दोन टोकांसारखे लांब लांब. पण एकाच खुणेवर विसंबू नका. गोम्फिडी कुळातल्या चतुरांच्या डोळ्यांत फट असते, तिथे पंख बघायचे. लेस्टिडी कुळातल्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात, तिथे डोळे बघायचे. आणि मिशा लांब, टोकाला जाड दिसल्या, तर तो या दोघांपैकी कोणीच नाही.

चतुर उडाला म्हणून हळहळू नका. बरेच चतुर फिरून त्याच काडीवर येतात, लेन्स रोखून थांबावं. पावसाळ्यात माळावर थव्याने घिरट्या घालणारा पँटाला फ्लाव्हेसेन्स हा चतुर याला अपवाद. तो दिवसभर क्वचितच टेकतो. टाचणी उडाली तरी हातभर अंतरावरच बसते, गुडघे चिखलात टेकायची तयारी हवी इतकंच.

भर दुपारी काही चतुर पोट सूर्याकडे उभं करून शीर्षासन घालतात, म्हणजे अंगावर ऊन कमी पडतं. वरून बघितलं तर पोटाचा नुसता ठिपका दिसतो. तेवढ्या वेळी चतुरही बाजूनेच घ्यायचा आणि धूसर पंखांवर पाणी सोडायचं.