मधमाशीचे पंख आणि १२० फ्रेमचा चकवा

पंख जराही न हलवता हवेतून सरकत जाणाऱ्या पक्ष्याची एक सीसीटीव्ही चित्रफीत अधूनमधून सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन जाते. सोबतची ओळ ठरलेली: दैवी पक्षी, विज्ञानाकडे उत्तर नाही. उत्तर आहे आणि ते शाळकरी मुलालाही समजेल असं आहे. पक्ष्याची एक फडफड पुरी व्हायला लागणारा वेळ आणि कॅमेऱ्याच्या दोन फ्रेममधला वेळ जुळून आला, की प्रत्येक फ्रेममध्ये पंख त्याच जागी सापडतात. मधल्या काळात ते खाली जाऊन पुन्हा वर आलेले असतात, पण तेवढ्यात कॅमेऱ्याने पाहिलेलंच नसतं.

हाच चकवा डीएसएलआरवर स्लो मोशन घेताना आपल्यालाही लागतो. तिथे तो कुणाच्या लक्षात येत नाही, कारण चित्र फार सुंदर दिसतं.

फेब्रुवारी सरताना बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचे पांढरे गोंडे फुलतात आणि परागीभवनासाठी शेताच्या बांधावर मधपेट्या येऊन बसतात. पेट्यांत बहुधा मेलिफेरा जातीच्या माश्या. अशाच एका शेतात भर दुपारी मी गोंड्यावर घिरट्या घालणारी माशी टिपली. कॅमेरा सेकंदाला १२० फ्रेम घेणारा, शटर १/४००० सेकंद, म्हणजे प्रत्येक फ्रेमला तेवढाच वेळ उजेड आत येतो. घरी ती चित्रफीत २४ फ्रेमच्या गतीने लावली, म्हणजे काळ पाचपट लांबला. पडद्यावर माशी सेकंदाला दोनदा, संथ आणि डौलदार पंख हलवत होती. प्रत्येक शीर स्पष्ट. पाहताना मन हरखून गेलं.

आता हिशेब करू. मेलिफेरा माशी सेकंदाला साधारण २३० वेळा पंख मारते. पाचपट संथ केल्यावरही सेकंदाला ४६ फडफडी दिसायला हव्यात. मग दोनच कशा?

एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत १/१२० सेकंद जातो. तेवढ्यात माशीच्या २३० भागिले १२०, म्हणजे १.९२ फडफडी होतात. दोन पूर्ण फडफडींना अगदी थोडी कमी. नेमकं सांगायचं तर एका फडफडीचा बारावा भाग कमी. म्हणजे पुढच्या फ्रेममध्ये पंख आधीच्या जागेपेक्षा बाराव्या भागाने मागे सापडतो. त्यापुढच्या फ्रेममध्ये आणखी बाराव्या भागाने. अशा १२ फ्रेम झाल्या की पडद्यावर एक फडफड पुरी होते आणि २४ फ्रेमच्या गतीला १२ फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. सेकंदाला दोन! शिवाय ही फडफड उलटी चालते. पंखांची हालचाल खाली-वर दोन्हीकडे सारखीच भासते, म्हणून उलटेपणा डोळ्याला कळत नाही. गाडीचं चाक पडद्यावर मागे फिरताना दिसतं ते याच कारणाने. ठरावीक अंतराने नमुने घेऊन एखादी नियमित हालचाल खरीखुरी पकडायची, तर तिच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक नमुने लागतात. मधमाशीसाठी सेकंदाला ४६० च्या वर. मला पडद्यावर दिसली ती फडफड कुठल्याही माशीने कधीच केलेली नव्हती.

आणि यात शटरचा वाटा मोठा आहे. फ्रेम किती घेतल्या ही एक गोष्ट, प्रत्येक फ्रेम किती वेळ उघडी राहिली ही दुसरी. सिनेमावाल्यांचा संकेत असा, की फ्रेमच्या निम्मा वेळ शटर उघडं ठेवावं. १२० फ्रेमला तो १/२४० सेकंद होतो. तेवढ्यात माशीची जवळजवळ एक आख्खी फडफड होऊन जाते, त्यामुळे पंखांच्या जागी धूसर पडदा उमटतो. तो पडदा दिसायला कमी, पण प्रामाणिक असतो: इथे माझ्या आवाक्याबाहेरचा वेग आहे, असं तो सांगतो. पंखाचं टोक सरासरी सेकंदाला सात मीटरच्या आसपास धावतं. १/४००० सेकंदात ते दोन मिलिमीटरही सरकत नाही, म्हणून पंख कोरल्यासारखा उमटतो आणि खोटी फडफड खरी वाटू लागते.

या धूसरपणानेही लोकांना फसवलंय. १९९० च्या दशकात अमेरिकेत ‘रॉड्स’ नावाच्या लांबट, झालरी लावलेल्या उडत्या प्राण्यांची आवई उठली होती. कॅमेऱ्याचं शटर उघडं असतं त्या १/६० सेकंदात एखादा कीटक अनेकदा पंख मारत पुढे जातो. त्याची लांबलेली खूण म्हणजे तो ‘प्राणी’. रात्रीच्या सीसीटीव्हीत तरंगणारी पांढरी भुतंही बहुतेक वेळा लेन्सजवळून गेलेले किडेच असतात. आणि मोबाइलच्या जाहिरातीतले शेकडो फ्रेमचे आकडेही तपासून घ्यावेत. काही फोन मधल्या फ्रेम टिपत नाहीत, अंदाजाने रचतात.

हे सगळं उघड्यावरच का करायचं? उजेडासाठी. १/२४० वरून १/४००० वर गेलं की प्रकाश जवळपास सतरापट घटतो. कडक उन्हाचं जुनं गणित असं: एफ १६ वर (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो जितका लहान तितकं छिद्र मोठं) शटर आयएसओच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००. एफ ५.६ ला आठपट उजेड मिळतो, म्हणजे १/८००. उरलेली पाचपट आयएसओ ५०० करून भागते. घरातल्या दिव्यांत हे जमणं कठीण. शिवाय साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते आणि चित्र लुकलुकतं. सूर्य लुकलुकत नाही.

मग खरी फडफड मोजायची कशी? कानाने. माशीची गुणगुण पंखांचीच असते, सेकंदाला जितक्या फडफडी तितकी तिची कंपनं. पडद्यावरच्या दोन फडफडी म्हणजे मूळ काळात १०. त्यावरून खरा आकडा १२० च्या पाढ्याच्या १० अलीकडे किंवा पलीकडे असणार: ११०, १३०, २३०, २५० असा. चित्र इतकंच सांगू शकतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत १२० फ्रेमवर आवाज नोंदला जात नाही, म्हणून त्याच गोंड्यापाशी २५ फ्रेमवर दुसरी चित्रफीत घ्यायची. तिच्यात आवाजाचे नमुने सेकंदाला ४८,००० असतात. मग हार्मोनियम काढायची. मध्य सप्तकाच्या खालची काळी पाच २३३ कंपनांची, तिच्या शेजारची पांढरी सात २४७ ची. माझ्या चित्रफितीतली गुणगुण काळी पाचच्या अगदी किंचित खाली लागली.