शस्त्रनियंत्रण म्हणजे शस्त्रकपात नव्हे

अण्वस्त्रांच्या बातम्यांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. नियंत्रण म्हणजे ठरवून घेतलेली मर्यादा आणि ती पाळली जाते का, हे बघायची सोय. कपात म्हणजे असलेली अस्त्रं खरोखर कमी करणं. एक झालं की दुसरं आपोआप होतं, हा गैरसमज.

1972 चा सॉल्ट करार बघा. अमेरिका आणि सोव्हिएत संघाने क्षेपणास्त्रं डागणाऱ्या साधनांची संख्या गोठवली. अमेरिकेची जमिनीवरची 1054 वर थांबली. पण एका क्षेपणास्त्रावर किती वॉरहेड (टोकावरचे अणुबॉम्ब) बसवायची, यावर बंधनच नव्हतं. अमेरिकेच्या मिनिटमन-3 क्षेपणास्त्रावर तीन-तीन बसली. डबे मोजले, लाडू मोजलेच नाहीत! करार पाळूनही साठा फुगत गेला. (आपल्याकडेही नियंत्रण आहेच: भारत-पाकिस्तान 1992 पासून दर 1 जानेवारीला अणुप्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात, त्यांवर हल्ला करायचा नाही म्हणून. त्याने बॉम्ब एकही कमी झालेला नाही.)

1991 मध्ये नेमकं उलट घडलं. सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी आणि ऑक्टोबरात सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी तोफांची, युद्धनौकांवरची छोटी अण्वस्त्रं मागे घेत असल्याचं जाहीर केलं. हजारो अस्त्रं हलली, पण ना करार, ना तपासणी. परिणाम असा, की रशियाकडे आज अशी छोटी अस्त्रं नेमकी किती, हे बाहेरचं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अमेरिका-रशियाच्या 2010 च्या न्यू स्टार्ट करारात दोन्ही होतं. तैनात वॉरहेड 1550 पर्यंत, वर्षाला 18 तपासण्यांची मुभा. तरी कोठारात ठेवलेली अस्त्रं मोजणीबाहेरच राहिली आणि बॉम्बफेकी विमान, पोटात कितीही बॉम्ब मावोत, एकच धरलं जाई. कोविडने तपासण्या थांबल्या, 2023 मध्ये रशियाने सहभाग स्थगित केला. कराराची मुदत 5 फेब्रुवारी 2026 पर्यंतच होती.

1986 च्या सुमारास जगात सुमारे 70,000 अण्वस्त्रं होती, आता 12,000 च्या आसपास आहेत. मग आणखी करार कशाला, असं विचारलं जातं. मला हा हिशेब अर्धवट वाटतो. उरलेल्यांतली बहुतेक दोनच देशांकडे आहेत, आणि कोठारातलं वॉरहेड पुन्हा क्षेपणास्त्रावर चढवता येतं. म्हणून पुढच्या करारात तैनात, कोठारातलं, छोटं, मोठं असं प्रत्येक वॉरहेड मोजावं लागेल, आणि तपासनीसाला कोठाराच्या दारापर्यंत जाऊ द्यावं लागेल.