टॅक्सेशनमध्ये मास्टर्ससाठी अमेरिकेला अर्ज : पात्रता, कागदपत्रं आणि ठाणे-नवी मुंबईतली धावपळ

मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर नाव असं येतं : पाटील स्नेहा रमेश सुनंदा. आधी आडनाव, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर तीच मुलगी ‘स्नेहा रमेश’ असते, ‘पाटील’ वेगळ्या रकान्यात जातं आणि आईचं नाव शेवटच्या पानावर. आपल्याला यात काहीच खटकत नाही. परदेशी विद्यापीठाच्या संगणकाला मात्र या दोन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतात.

मी नौपाड्यात एका सीएच्या ऑफिसात काम करते. आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीला आलेली मुलं दरवर्षी अमेरिकेला जायचा विषय काढतात, आणि सगळी सुरुवात करतात ती क्लास लावण्यापासून. माझं म्हणणं, सुरुवात नावापासून करा. अर्ज, आयईएल्टीएस (इंग्रजीची परीक्षा), जीमॅट (मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा), बँकेचं पत्र, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा. मार्कशीटसाठी ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. पासपोर्टमध्येच चूक असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट आधी घ्या, बाकी सगळं नंतर.

आता पात्रता. टॅक्सेशनमधली पदव्युत्तर पदवी दोन प्रकारची असते. एलएलएम ही कायद्याच्या पदवीधरांसाठी, तिच्या वाटेला बीकॉमवाल्यांनी जाऊ नये. आपल्यासाठी असते ती एमएस इन टॅक्सेशन किंवा अकाउंटिंगमधली मास्टर्स. बेंटली, बारूक, गोल्डन गेट अशा ठिकाणी टॅक्सेशनची स्वतंत्र पदवी आहे. बीकॉमला आयकर शिकलात म्हणून तिथला फेडरल टॅक्सचा पाया माफ होईल असं धरून चालू नका, कारण तुमचा पेपर भारतीय कायद्याचा होता. त्यामुळे काही ठिकाणी एक-दोन पूर्वतयारीचे विषय जास्तीचे घ्यावे लागतात आणि त्यांची फी वेगळी असते. अर्ज करण्यापूर्वी हे ईमेलवर लेखी विचारून घ्या.

तीन वर्षांच्या बीकॉमचा प्रश्न सगळ्यांना छळतो. अमेरिकेत पदवी चार वर्षांची, १२० क्रेडिटची. काही विद्यापीठं आपली पदवी थेट मान्य करतात, काही डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून मूल्यमापन करून आणायला सांगतात. त्या मूल्यमापनात पदवी देणाऱ्या संस्थेची नॅक श्रेणी (उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकने दिलेली) आणि तुमचा वर्ग, दोन्ही महत्त्वाचे. मुंबई विद्यापीठाला २०२१ मध्ये ए++ मिळाली, ही जमेची बाजू. पुढे सीपीए, म्हणजे अमेरिकेतला सीए व्हायचं असेल तर तिथल्या राज्यांत १५० क्रेडिटची अट असायची. अलीकडे अनेक राज्यांनी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असाही रस्ता उघडला आहे. सीपीएची रचना जानेवारी २०२४ पासून बदलली : तीन पेपर सक्तीचे, चौथा निवडीचा, आणि त्या निवडीत टॅक्सचा पेपर आहे.

एक गोष्ट एजंट मंडळी हळूच गाळतात. शुद्ध टॅक्सेशन किंवा शुद्ध अकाउंटिंग ही अमेरिकेच्या स्टेम यादीत (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) बसत नाहीत. म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी १२ महिने. डेटा अ‍ॅनालिटिक्स जोडलेले काही अकाउंटिंगचे कोर्स स्टेममध्ये येतात, त्यांना आणखी २४ महिने मिळतात. कर्ज काढून जाणाऱ्याने विद्यापीठाच्या नावाआधी हा फरक बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रवेश झाल्यावर विद्यापीठ व्हिसासाठी जो आय-२० नावाचा दाखला देतं, त्यावर कोर्सचा सीआयपी कोड (विषयाचा वर्गीकरण क्रमांक) छापलेला असतो. तोच कोड अर्जाआधी विद्यापीठाकडून मागून घ्या, स्टेम आहे की नाही ते त्यावरून कळतं.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा एकत्रित अधिकृत दाखला, खातं. सहाही सेमिस्टरच्या मार्कशीट लागतात, आणि केटी लागली असेल, म्हणजे एखादा विषय राहिला असेल, तर त्या प्रत्येक प्रयत्नाची मार्कशीटसुद्धा. पहिल्या दोन वर्षांच्या मार्कशीट अनेकांकडे कॉलेजच्या असतात, त्यातली एखादी हमखास हरवलेली. मग कॉलेजात डुप्लिकेटसाठी अर्ज, आणि पावती जपून ठेवणं आलं. कॉलेज स्वायत्त असेल तर ट्रान्सक्रिप्ट कोण देणार हे आधी कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारा. विद्यापीठाकडे अर्ज ऑनलाइन होतो, पण काही अडलं तर गाठायची इमारत म्हणजे कलिन्याचं महात्मा जोतीराव फुले भवन. नवी मुंबईकरांनी हार्बरने आणि ठाणेकरांनी मेन लाइनने कुर्ल्याला उतरावं, पुढे रिक्षा. मूळ मार्कशीटबरोबर झेरॉक्सचे दोन संच न्या. आमच्या ऑफिसातला एक मुलगा एका सेमिस्टरच्या झेरॉक्ससाठी दोनदा परत आला होता, तेही जून महिन्यात, छत्री विसरून.

ऑगस्टच्या प्रवेशासाठी मुदती साधारण आदल्या डिसेंबरपासून सुरू होतात, म्हणून गणपतीच्या आसपास ट्रान्सक्रिप्टला हात घाला. आयईएल्टीएसचे गुण दोन वर्षं चालतात, जीमॅटचे पाच. जीमॅट अनेक ठिकाणी माफ असते, त्यामुळे फी भरण्याआधी बघा. शिफारसपत्रं दोन ते तीन. त्यातलं एक आर्टिकलशिपच्या सरांचं असू द्या, कारण टीडीएस रिटर्न, टॅक्स ऑडिट, ट्रान्सफर प्रायसिंगचा (एकाच समूहातल्या कंपन्यांच्या आपसातल्या व्यवहारांच्या किमतींचा) रिपोर्ट यांत तुम्ही नेमकं काय केलं ते तेच लिहू शकतात.

पैशांचा पुरावा हा दुसरा डोंगर. आय-२० साठी निदान पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च दाखवावा लागतो. बचत, एफडी, कर्जाचं मंजुरीपत्र चालतं. ‘आमचा घोडबंदरला फ्लॅट आहे’ एवढं चालत नाही. तो फ्लॅट कर्जासाठी तारण म्हणून उपयोगी पडतो. साडेसात लाखांपुढच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात. त्यासाठी करारनामा, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना हरकत पत्र लागतं. ठाण्यातल्या जुन्या इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर बँक कचरते. नवी मुंबईत घर सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल तर गहाण ठेवायला सिडकोचंही ना हरकत पत्र लागतं, म्हणजे बेलापूरची फेरी ठरलेली.

टॅक्स शिकायला निघालेल्यांना हे माहीत हवंच : एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर स्वतःच्या पैशांतून परदेशी फी पाठवली की बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी गेली तर तो कापला जात नाही. कापलेला टीसीएस बुडत नाही. पैसे ज्याच्या पॅनवरून गेले, त्याच्या रिटर्नमध्ये तो वळता होतो. म्हणून फी बाबांच्या खात्यातून जाणार की आईच्या, हे त्यांच्या सीएशी बोलून ठरवा.

आय-२० हातात आल्यावर सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारी यंत्रणा) ३५० डॉलर फी भरायची, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा, व्हिसाची १८५ डॉलर फी भरायची आणि दोन अपॉइंटमेंट घ्यायच्या : आधी बोटांचे ठसे आणि फोटो, नंतर बीकेसीतल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात मुलाखत. डीएस-१६० मधला पासपोर्ट क्रमांक घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन तपासा. मुलाखतीत ‘अमेरिकेचा कर कायदा शिकून भारतात काय करणार’ असं विचारलं जाऊ शकतं. इथे अमेरिकन रिटर्न तयार करणाऱ्या टीम आहेत, बहुराष्ट्रीय कंपन्यांत ट्रान्सफर प्रायसिंगचं काम आहे. तुमच्या आर्टिकलशिपमधलं एखादं काम त्याला जोडून दोन वाक्यांत सांगा. वाणिज्य दूतावासात मोबाइल आणि बॅग नेता येत नाही, त्यामुळे घरातलं कोणी सोबत घेऊन जा. आय-२०, सेविसची पावती, मूळ मार्कशीट आणि कर्जाचं पत्र पारदर्शक फोल्डरमध्ये, पासपोर्ट हातात.