ग्रामीण प्राथमिक शाळांची ब्रॉडबँड जोडणी

ग्रामपंचायतीपर्यंत आलेली ऑप्टिकल फायबर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेपर्यंत नेण्याचे काम. केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केलेले राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे पुढे ‘भारतनेट’ झाले. त्याचे मूळ उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचे, शाळांचे नव्हे. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पातील जोडणीची घोषणाही सरकारी माध्यमिक शाळांपुरतीच होती. त्यामुळे वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेचे शेवटचे पाचशे मीटर कोणी ओढायचे, हाच खरा प्रश्न उरतो.

पंचायतीत भिंतीवर ओएनटी असते. तिथपासून शाळा ९० मीटरच्या आत असेल तर कॅट-६ वायर पुरते. १०० मीटर ही तिची कमाल मर्यादा. त्यापुढे ड्रॉप फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर लागतात. एकाच तंतूवर चालणारे कन्व्हर्टर जोडीनेच घ्यावेत: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवणारा, दुसरा १५५०वर. दोन्ही एकाच प्रकारचे आले तर लिंकचा दिवा लागत नाही आणि दोष उगाच वायरीला दिला जातो.

पंचायतीत स्प्लिटर टाकून शाळेला वेगळी ओएनटी देणे स्वस्त वाटते, पण आधी हिशेब करावा. बी-प्लस वर्गाच्या जीपॉनमध्ये एकूण २८ डेसिबल घट चालते. १:३२ विभाजनात सुमारे १७, पंधरा किलोमीटर फायबरमध्ये ५, जोड आणि कनेक्टरांत ३ गेले की उरतात ३. नवा १:२ स्प्लिटर एकटाच साडेतीन खातो. मग शाळेबरोबर पंचायतीचीही लाइन डळमळते. ओएनटीवर ‘लॉस’चा लाल दिवा दिसला तर राउटर चालू-बंद करत बसू नये, प्रकाशच पोचत नसतो. बहुधा रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडलेली असते, नाहीतर बांध पेटवताना ती होरपळलेली असते.

वेगापेक्षा वीज जास्त रडवते. ओएनटी आणि राउटर मिळून १५ वॉटच्या आसपास घेतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी त्यांना तीन-चार तास चालवते. मात्र पंचायत कार्यालयाला कुलूप आणि मेन स्विच बंद असेल, तर शाळेतली बॅटरी काय करणार? पंचायतीतल्या उपकरणालाही बॅटरी हवीच. मे महिन्याच्या सुटीत सगळे प्लग काढून ठेवावेत. वळवाच्या विजांनी जळालेले पोर्ट जूनमध्येच कळतात. ड्रॉप फायबरला आधाराची पोलादी तार असते. ती इमारतीबाहेरच तोडून अँकरला बांधावी, आत नेऊ नये.

एका वर्गात एक व्हिडिओ दाखवायला ५ एमबीपीएस पुरतात. तीस टॅब एकदम चालवायचे तर ६० तरी लागतात. संयुक्त शाळा अनुदान ३० पटापर्यंत वर्षाला १० हजार रुपये. त्यातूनच खडू, दुरुस्ती आणि वीजबिल भागवायचे असल्याने मासिक भाडे बहुतेक ठिकाणी लोकवर्गणीवर किंवा पंचायतीच्या निधीवर येते.