गवतावरचे मांस, मक्यावरचे मांस

गाईचे तूप पिवळसर आणि म्हशीचे पांढरे का, याचे उत्तर चाऱ्यात आणि जनावराच्या शरीरात मिळून आहे. हिरव्या गवतात बीटा-कॅरोटीन भरपूर असते. म्हैस आणि शेळी ते जवळपास सगळे रंगहीन अ-जीवनसत्त्वात बदलून टाकतात. गाईला ते पूर्ण साधत नाही. उरलेले कॅरोटीन तिच्या दुधाच्या सायीत उतरते आणि अंगावरच्या चरबीतही साठते. म्हणून अमेरिकेत किंवा आयर्लंडमध्ये बीफच्या तुकड्याच्या कडेची चरबी लोण्यासारखी पिवळट दिसली, तर ते जनावर बहुधा हिरव्या कुरणातून आलेले असते. मक्यावर पोसलेल्या जनावराची चरबी पांढरी असते, कारण मक्यात कॅरोटीन फार थोडे. वाग्यू ही जपानी मांसाची गुरे पाळणारे तर वाढीच्या मधल्या काही महिन्यांत खुराकातले अ-जीवनसत्त्व मुद्दाम कमी ठेवतात, कारण ते कमी पडले की स्नायूंच्या आत चरबीची जाळी अधिक धरते.

‘ग्रास-फेड’, म्हणजे गवतावर पोसलेल्या जनावराचे, मांस दीडपट-दुप्पट भावाने विकले जाते आणि त्याच्याभोवती दावेही तितकेच मोठे असतात. त्यातले काही खरे आहेत, काही फुगवलेले. फरक कुठे पडतो हे पाहायचे तर जनावराच्या शेवटच्या काही महिन्यांकडे पाहावे लागते.

अमेरिकेत जवळपास प्रत्येक मांसाचे जनावर आयुष्याची सुरुवात गवतावरच करते. वासरू सहा-आठ महिने आईबरोबर कुरणात असते, दूध तुटल्यावरही काही काळ चरते. मग टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्कामधल्या फीडलॉटमध्ये, म्हणजे हजारो जनावरांच्या उघड्या गोठ्यांत, त्याची रवानगी होते. तिथे चार ते सहा महिने मक्याचा भरडा, मक्याचा मुरघास आणि इथेनॉल काढून उरलेला धान्याचा चोथा खाऊन ते दिवसाला दीड किलोच्या आसपास वजन घेते आणि १४ ते २२ महिन्यांच्या वयात कापले जाते. निव्वळ गवतावर तयार होणारे जनावर हळू वाढते. त्याला २० ते २८ महिने लागतात आणि तरीही ते बहुतेकदा हलकेच राहते. जास्त भाव लागतो तो मुख्यतः या जादा महिन्यांचा.

धान्यावर आणताना घाई चालत नाही. मका एकदम वाढवला तर पोटात आम्ल साचते, सामू (pH) ५.५च्या खाली जातो, आणि रवंथ थांबून जनावर आडवे होते. धान्याच्या पोत्यात तोंड घातलेली शेळी दगावते ती याच कारणाने. म्हणून फीडलॉटमध्ये तीन-चार आठवडे पायरीपायरीने धान्य वाढवतात.

आता चरबीची गोष्ट. ताज्या गवतात स्निग्धांश थोडाच असतो, पण त्यातला निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे जवसात असते त्याच ओमेगा-३चा. मक्याच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-६. पण गाय जे खाते ते सरळ तिच्या मांसात उतरत नाही. मध्ये कोटीपोट आहे, जंतूंनी भरलेली शंभर लिटरहून मोठी आंबवणीची टाकी. तिथले जंतू ही असंपृक्त आम्ले हायड्रोजन जोडून संपृक्त करून टाकतात आणि बहुतेकांचे शेवटी स्टिअरिक आम्ल होते. या तडाख्यातून निसटते ते थोडेसे ओमेगा-३, आणि वाटेतच अडकलेले काही मधले पदार्थ. त्यांपैकी व्हॅक्सेनिक आम्लापासून गाईच्या ऊतींमध्ये सीएलए (कॉन्ज्युगेटेड लिनोलिक आम्ल) नावाचे स्निग्धाम्ल बनते. मायकेल परिझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विस्कॉन्सिनमध्ये १९७०च्या दशकाच्या शेवटी भाजलेल्या खिम्यात पेशींतले जनुकीय बिघाड रोखणारा काही घटक सापडला होता. १९८७ साली तो सीएलए असल्याचे ठरले. गवतावरच्या जनावरात हे आम्ल साधारण दुप्पट-तिप्पट निघते, कारण धान्याने आम्लधर्मी झालेल्या पोटात ते बनवणाऱ्या जंतूंना नीट काम करता येत नाही.

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको इथल्या संशोधकांनी २०१० साली तोवरच्या तीन दशकांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचे प्रमाण गवतावरच्या मांसात सरासरी १.५३ला १, धान्यावरच्यात ७.६५ला १ भरले. जाहिरातींमध्ये हाच आकडा फिरतो. आकडा खरा आहे, पण गुणोत्तर म्हणजे मात्रा नव्हे. १०० ग्रॅम कमी चरबीच्या गवती मांसात तीन-चार ग्रॅम स्निग्धांश धरला, तर एकूण ओमेगा-३ शंभर मिलिग्रॅमच्या आतच राहते. चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम, जवसाच्या चटणीत एक ग्रॅमहून थोडे अधिक ओमेगा-३ असते. तेही वनस्पतीजन्य प्रकारचे आहे आणि शरीर त्यातले फार थोडे ईपीए-डीएचएमध्ये, म्हणजे माशांत असणाऱ्या ओमेगा-३मध्ये, बदलू शकते, पण गवती मांसातल्या ओमेगा-३चा मोठा भागही त्याच प्रकारचा असतो. तारलीसारखा तेलकट मासा थेट ईपीए-डीएचए देतो आणि तेही ग्रॅमच्या हिशेबात. सीएलएचेही तसेच: ताटातल्या मांसातून मिळते ते फार तर शंभरेक मिलिग्रॅम, आणि माणसांवरच्या प्रयोगांत दिले जाते रोज तीन ग्रॅमच्या आसपास.

तरी परिणाम शून्य नाही. उत्तर आयर्लंडमधल्या २०११च्या एका अभ्यासात निरोगी लोकांच्या एका गटाने चार आठवडे गवतावरच्या आणि दुसऱ्याने धान्यावरच्या जनावरांचे मांस खाल्ले, तेव्हा पहिल्या गटाच्या रक्तातले ओमेगा-३ मोजता येईल इतके वाढले. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांत मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. बाकी जे बीफमधून खरोखर मिळवायचे, म्हणजे १०० ग्रॅममागे वीसेक ग्रॅम प्रथिने, दोन-अडीच मिलिग्रॅम सहज शोषले जाणारे लोह, जस्त आणि बी-१२, ते दोन्हींत जवळजवळ सारखेच. तब्येतीसाठी म्हणून दुप्पट पैसे मोजण्याइतका हा फरक नाही. ओमेगा-३ हवे असेल तर बांगडा-तारली घ्यावी.

चवीचे मात्र वेगळे आहे. तिथे फरक मोठा आहे आणि पहिल्या घासाला कळतो.

मांस तापले की त्यातली स्निग्धाम्ले तुटतात, हवेशी संयोग पावतात, आणि त्यांचे तुकडे वासाचे रेणू बनतात. लिनोलिक आम्लापासून निघणारा डेकाडायनाल तळणीचा खमंग वास देतो. धान्यावरच्या चरबीत लॅक्टोन अधिक असतात, त्यांचा वास गोडसर, लोण्याकडे झुकणारा. अमेरिकी माणसाला ‘बीफ’ म्हटल्यावर जी चव आठवते ती बव्हंशी मक्याची आहे. गवतावरच्या मांसात हरितद्रव्यातल्या फायटॉलचे तुकडे आणि टर्पीन कुळातले रेणू उतरतात. शिवाय कोवळ्या, प्रथिनांनी भरलेल्या गवतातल्या ट्रिप्टोफॅनपासून कोटीपोटात स्काटोल बनते. अल्प मात्रेत ते रानटी, खोल चव देते आणि मात्रा वाढली की गोठ्याचा वास मारते. क्लोव्हर किंवा लसूणघासाच्या कुरणात हा धोका जास्त. आयरिश किंवा उरुग्वेच्या माणसाला ही चव घरची वाटते, टेक्सासच्या माणसाला ती उग्र लागते. चवचाचण्यांचे निकाल देशागणिक बदलतात ते यामुळेच, आणि ‘कोणते मांस चविष्ट’ हा प्रश्न खाणारा कुठे वाढला हे विचारल्याशिवाय सुटत नाही.

जिभेवरचा स्पर्शही वेगळा. धान्यावरच्या चरबीत ओलेइक आम्ल जास्त, ते थंडीतही पातळ राहते. गवतावरच्या चरबीत स्टिअरिक जास्त, आणि ते ६९ अंशांना वितळते. म्हणून गवती मांस ताटात निवले की टाळूला मेणचट थर बसतो, थंड झालेल्या मटणाच्या रश्श्यावर तवंग थिजतो तसा. ते गरमच वाढावे, ताटलीही गरम असावी.

निबरपणाची तक्रार नेहमी गवतावर ढकलली जाते, पण दोष बहुतेकदा दुसरीकडे असतो. एक म्हणजे वय: जनावर सहा-आठ महिन्यांनी मोठे, त्याच्या कोलॅजनच्या, म्हणजे स्नायू बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या, गाठी अधिक पक्क्या. दुसरे म्हणजे थंड करण्याची पद्धत. चरबीचे जाड पांघरूण नसलेला सांगाडा शीतगृहात लवकर गार होतो. स्नायूतली ऊर्जा संपण्याआधीच त्याचे तापमान १० अंशांखाली गेले तर स्नायू आखडतो आणि कायमचा चिवट होतो. न्यूझीलंडमध्ये १९७०च्या दशकात कोकराच्या मांसासाठी ताज्या सांगाड्याला विजेचे धक्के देण्याची पद्धत रुळली ती हेच टाळण्यासाठी. तिसरे कारण ताणाचे. कत्तलीआधी जनावर घाबरले, उपाशी राहिले, की स्नायूतले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपते. मग पुरेसे लॅक्टिक आम्ल बनत नाही, सामू ५.५वर यायचा तो ६च्या आसपास अडकतो आणि मांस काळपट, चिकट, लवकर नासणारे निघते. गवतावरच्या जनावरात हा साठा मुळात कमी असतो, शिवाय त्याला माणसांची आणि कुंपणाची सवयही कमी. अतिकाळपट तुकडा ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जात असेल तर घेऊ नये.

लेबल वाचतानाही डोळे उघडे हवेत. अमेरिकी कृषी खात्याच्या विपणन विभागाने ‘ग्रास-फेड’चे आपले अधिकृत मानक जानेवारी २०१६मध्ये मागे घेतले. आता कंपनी स्वतःची व्याख्या कागदपत्रांसह मंजूर करून घेते. नुसत्या ‘ग्रास-फेड’ शब्दातून जनावर मोकळे चरले की बंदिस्त गोठ्यात वाळल्या गवताच्या गोळ्या खात होते, हे कळत नाही. वाळलेल्या गवतात ओमेगा-३ आणि कॅरोटीन दोन्ही बरेच उडून गेलेले असतात. ‘१०० टक्के ग्रास-फेड’ आणि ‘ग्रास-फिनिश्ड’ (शेवटपर्यंत गवतावर) असे दोन्ही लिहिलेले पाहावे, किंवा अमेरिकन ग्रासफेड असोसिएशनची खूण. त्यांच्या नियमात दूध तुटल्यापासून फक्त चारा, कोंडून ठेवणे नाही, हार्मोन आणि प्रतिजैविके नाहीत. शक्य असेल तर तिकडच्या उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पानगळीच्या सुरुवातीला कापलेले घ्यावे, तेव्हा जनावर हिरव्या कुरणावरून आलेले असते.

स्वयंपाकात सगळ्यात मोठी चूक होते ती आचेची. आतली चरबी कमी असल्याने गवती स्टेक एक-दोन मिनिटे लवकर होतो आणि चुकीला जागा देत नाही. अडीच सेंटिमीटर जाडीचा तुकडा आदल्या रात्री मीठ लावून फ्रिजमध्ये उघडा ठेवावा, म्हणजे मीठ आत मुरते आणि वरचा भाग कोरडा होऊन छान रंग धरतो. चाळीस मिनिटांपेक्षा कमी वेळ असेल तर मीठ तव्यावर टाकतानाच लावावे, कारण मधल्या वेळात पृष्ठभाग नुसता ओला होतो. बिडाच्या तव्यावर थोडे तेल, मोठी आच, दोन्ही बाजू तांबूस, मग आच उतरवायची. हवे त्या तापमानाच्या तीन अंश आधीच तुकडा तव्यावरून काढावा, आतली उष्णता उरलेले काम करते. अमेरिकी कृषी खात्याची शिफारस अखंड तुकड्याला ६३ अंश आणि तीन मिनिटे विसावा, खिम्याला ७१ अंश. ७१ला गवती खिमा भुसभुशीत होतो, त्यामुळे त्यात किसलेला कांदा पिळून किंवा किलोमागे दोन चमचे तूप घालावे.

नळी, खांदा, छातीचा भाग असेल तर गवती मांस धान्यावरच्याला मागे टाकते. कोलॅजन रश्श्यात विरघळले की तो दाट होतो. मंद आचेवर तीन तास, किंवा कुकरमध्ये पहिल्या शिटीनंतर बारीक आचेवर पन्नास मिनिटे. रश्श्याला बुडबुडे फुटत राहिले तर तंतू पिळले जाऊन कोरडे पडतात, नुसते हलत राहिले पाहिजे.

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच आणि बैल, वळू यांच्या कत्तलीला २०१५पासून बंदी आहे. तेव्हा इथे हा विचार करायचा तो बोकडाच्या आणि म्हशीच्या मांसाबद्दल. पोटातले जंतू तेच, त्यामुळे बाभूळ-बोरीचा पाला ओरबाडत फिरलेल्या उस्मानाबादी बोकडात आणि बंदिस्त शेळीपालनात मका-सरकी पेंडीवर वाढलेल्या बोकडात चरबीचा फरक त्याच दिशेने पडतो. रंगाची परीक्षा मात्र इथे चालत नाही, कारण बोकड आणि म्हैस दोघांचीही चरबी पांढरीच. आणि वासाचे गणित थोडे उलटे आहे. मटणाचा खास वास येतो तो फांद्या फुटलेल्या काही स्निग्धाम्लांचा, आणि मेंढ्यांमध्ये ती धान्याच्या भारी खुराकाने वाढतात. खच्ची न केलेल्या, वयात आलेल्या बोकडात तर तो वास सगळ्यात उग्र. मटण घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: बोकड खच्ची केलेला होता का, वय किती, आणि शेवटचे दोन महिने तो रानात चरत होता की दावणीला बांधून खुराक खात होता.