ज्युनिअर कॉलेज आणि प्रेप स्कूल (अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल)

अमेरिकेत एखाद्या विद्यापीठाने फुटबॉलसाठी निवडलेला, पण शालेय अभ्यासाच्या अटी पूर्ण न झाल्याने तेथे खेळण्यास अपात्र ठरलेला विद्यार्थी पात्रता मिळवण्यासाठी मुख्यतः दोन वाटांनी जातो : ज्युनिअर कॉलेज आणि प्रेप स्कूल. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. महाराष्ट्रात ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेत मात्र बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयाला हे नाव असून तेथे असोसिएट ही पदवी मिळते. प्रेप स्कूल ही शाळाच असते. बारावी पूर्ण केलेला विद्यार्थी तेथे आणखी एक वर्ष शालेय विद्यार्थी म्हणून राहतो. एक संस्था महाविद्यालय आहे आणि दुसरी शाळा, या साध्या भेदातूनच पुढचे जवळजवळ सगळे नियम निघतात.

पात्रतेचे नियम नॅशनल कलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन (एनसीएए) ठरवते. तिच्या सर्वोच्च स्तरावर, म्हणजे पहिल्या विभागात, नववी ते बारावी या चार वर्षांत मिळून १६ गाभ्याचे अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. त्यांत चार वर्षांचे इंग्रजी, तीन वर्षांचे गणित, दोन वर्षांचे विज्ञान आणि दोन वर्षांचे सामाजिक शास्त्र असते. उरलेले अभ्यासक्रम ठरावीक विषयांतून निवडता येतात. या अभ्यासक्रमांची गुणसरासरी चारपैकी किमान २.३ असावी लागते. यांतील १० अभ्यासक्रम बारावीचे वर्ष सुरू होण्यापूर्वीच पूर्ण झालेले असावे लागतात आणि त्यांचे गुण त्यानंतर सुधारता येत नाहीत. २०१६ पासून लागू झालेली ही अट सर्वांत कडक म्हणावी लागेल. दहावी-अकरावीत दुर्लक्षित राहिलेला मुलगा बारावीच्या अखेरीस कितीही झटला, तरी त्या दहा अभ्यासक्रमांचे गुण गोठलेलेच राहतात. सरासरी २.३ च्या खाली, पण २.० किंवा त्याहून अधिक असलेल्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळू शकते, मात्र पहिल्या वर्षी सामने खेळता येत नाहीत. त्याखालच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी खेळ, सराव आणि क्रीडा शिष्यवृत्ती यांपैकी काहीच मिळत नाही.

या नियमांचा इतिहास वादाचा आहे. १९८३ मध्ये संमत होऊन १९८६ पासून अमलात आलेल्या प्रस्ताव ४८ ने गाभ्याच्या ११ अभ्यासक्रमांत २.० ची सरासरी आणि एसएटी या महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या प्रमाणित परीक्षेत १६०० पैकी ७०० गुण अशी अट आणली. १९८९ च्या प्रस्ताव ४२ ने यांपैकी काही अटीच पूर्ण केलेल्या, म्हणजे अंशतः पात्र, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्तीही काढून घेण्याचे ठरवले, तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन सामना सुरू होण्यापूर्वी मैदान सोडून निघून गेले. प्रमाणित परीक्षा गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना अन्यायाने बाहेर ठेवतात, हे त्यांचे म्हणणे पुढे न्यायालयांतही मांडले गेले. अखेर जानेवारी २०२३ मध्ये एनसीएएने परीक्षेची अट पूर्णपणे काढून टाकली.

प्रेप स्कूलचे महत्त्व या परीक्षेशी बांधलेले होते. महाविद्यालयात पूर्ण वेळ प्रवेश घेईपर्यंत एसएटी पुन्हा देता येत असे, त्यामुळे गुणपत्रिका बरी पण परीक्षेचे गुण कमी असलेल्या मुलासाठी प्रेपचे वर्ष हा नेमका उपाय होता. या वाटेसाठी व्हर्जिनियातील दोन लष्करी शिस्तीच्या निवासी शाळांची नावे विशेष घेतली जात : चॅटम येथील हारग्रेव्ह मिलिटरी अकॅडमी आणि फोर्क युनियन मिलिटरी अकॅडमी. फोर्क युनियनने १९५० मध्ये एका वेळी एकच विषय शिकवण्याची पद्धत सुरू केली. अनेक विषयांत एकदम मागे पडलेल्या मुलाला अशा पद्धतीचा आधार वाटणे स्वाभाविक आहे. महाविद्यालयीन फुटबॉलमधील वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा हाइसमन करंडक १९८६ मध्ये मिळवणारा क्वार्टरबॅक (संघाची चढाई चालवणारा खेळाडू) विनी टेस्टावर्डी मायामी विद्यापीठात जाण्यापूर्वी येथेच एक वर्ष राहिला होता. पहाटेची हजेरी, गणवेश, ठरावीक वेळेचा अभ्यास आणि दूरध्वनीवरील बंधने हे सारे प्रशिक्षकांना आवडत असे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आणखी एक वर्ष अंगाने भरण्यासाठी मिळते, हाही त्यांचा हिशेब असे.

परंतु २००५-०६ च्या सुमारास केवळ गुणपत्रिका विकणाऱ्या काही शाळा उघडकीस आल्या. पैसे भरून काही आठवड्यांत अभ्यासक्रम ‘पूर्ण’ होत आणि मुले विद्यापीठांत दाखल होत. त्यानंतर एनसीएएने शाळांची तपासणी सुरू केली आणि वेळेवर बारावी झालेल्या विद्यार्थ्याला नंतर गाभ्याचा केवळ एकच जादा अभ्यासक्रम जोडता येईल, अशी मर्यादा पहिल्या विभागासाठी घातली. शिकण्यात अडथळा आणणारे अपंगत्व नोंदलेल्या विद्यार्थ्यांना तीनपर्यंत मुभा आहे. खोट्या शाळांवरचा हा इलाज योग्यच होता, पण त्याचा फटका प्रामाणिक शाळांनाही बसला : त्यांच्याकडे शिकवण्याची तयारी असूनही नियम एकाच अभ्यासक्रमापलीकडे काही मोजत नाही. दुसऱ्या विभागात ही मर्यादा नसल्याने तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांना प्रेपचे वर्ष अजूनही पुष्कळ उपयोगी पडते.

प्रेपची खरी जमेची बाजू वेळेची आहे. एनसीएएच्या नियमानुसार खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, आणि ही पाच वर्षांची मुदत कोणत्याही महाविद्यालयात पूर्ण वेळ प्रवेश घेतला की सुरू होते. प्रेप ही शाळा असल्याने तेथील वर्षात मुदत सुरू होत नाही, म्हणून मुलगा विद्यापीठात पोहोचतो तेव्हा चारही हंगाम त्याच्या हाती असतात. ज्युनिअर कॉलेजात मात्र पहिल्या दिवसापासून मुदत धावू लागते. दोन वर्षे तेथे खेळलेल्या विद्यार्थ्याजवळ तीन वर्षांत दोन हंगाम उरतात.

ज्युनिअर कॉलेजची वाट लांब आहे, पण तिच्यात एक मोठा दिलासा आहे : शाळेतील गुणपत्रिका मागे पडते. तेथून पहिल्या विभागात जाताना शाळेतून अपात्र ठरलेल्या विद्यार्थ्याला असोसिएट पदवी, किमान तीन पूर्ण सत्रे, ४८ हस्तांतरणीय श्रेयांक (क्रेडिट) आणि २.५ ची सरासरी दाखवावी लागते. इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांतील ठरावीक श्रेयांकही त्यांत आवश्यक असतात. याखेरीज तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीच्या ४० टक्के अभ्यासक्रमाची पूर्तता झालेली असावी लागते. अनेक मुले अडखळतात ती येथे. कॉलेजात श्रेयांक मिळतात, पण पुढच्या विद्यापीठातील निवडलेल्या शाखेला ते लागू पडतीलच असे नाही, आणि मग असोसिएट पदवी हातात असूनही विद्यार्थी खेळू शकत नाही. त्यामुळे पहिल्याच सत्रात विद्यापीठाच्या अभ्यास सल्लागाराशी बोलून विषय निवडणे हा संघनिवडीइतकाच महत्त्वाचा निर्णय असतो. शाळेतूनच पात्र असलेला विद्यार्थी मात्र याहून कितीतरी लवकर बाहेर पडू शकतो. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये नामवंत क्वार्टरबॅक ठरलेला अ‍ॅरन रॉजर्स ब्यूट या ज्युनिअर कॉलेजात एकच हंगाम खेळून कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला, पण त्याचे उदाहरण अपात्र मुलासमोर ठेवणे दिशाभूल करणारे आहे. त्यापेक्षा जवळचे उदाहरण ओ. जे. सिम्पसनचे : शालेय गुण कमी असल्याने तो सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात गेला, तेथून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पोहोचला आणि १९६८ चा हाइसमन करंडक त्याने मिळवला.

ज्युनिअर कॉलेजांची मुख्य संघटना एनजेसीएए १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथे स्थापन झाली. कॅन्सस आणि मिसिसिपी येथील कॉलेजांचे फुटबॉल विशेष गाजते. कॅलिफोर्नियाची कॉलेजे आता स्वतंत्र संघटनेत असून ती क्रीडा शिष्यवृत्ती देत नाहीत. पैशाचा विचार या निवडीत उघडपणे बोलला जात नसला तरी तो निर्णायक ठरतो : ज्युनिअर कॉलेजात गरीब विद्यार्थ्याला केंद्र सरकारचे पेल अनुदान मिळू शकते, तर शाळा असलेल्या प्रेपसाठी ते मिळत नाही आणि निवासाचा खर्च कुटुंबालाच उचलावा लागतो.

परीक्षेची अट गेल्यापासून पहिल्या विभागापुरता प्रेपचा शैक्षणिक उपयोग एका अभ्यासक्रमाची उणीव असलेल्या मुलांपुरता उरला आहे. ज्याचे तीन-चार अभ्यासक्रम राहिले आहेत किंवा गोठलेली सरासरी फार खाली आहे, त्याला ज्युनिअर कॉलेजशिवाय दुसरी वाट नाही. या वाटेची वेळेची किंमतही अलीकडे प्रश्नांकित झाली आहे. न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या दोन वर्षांच्या कॉलेजात खेळलेल्या डिएगो पाव्हिया याने तेथील हंगाम आपल्या मुदतीत धरू नयेत म्हणून एनसीएएवर दावा केला. डिसेंबर २०२४ मध्ये टेनेसीतील संघीय न्यायालयाने त्याच्या बाजूने मनाई हुकूम दिला आणि एनसीएएने त्याच्यासारख्या खेळाडूंना २०२५-२६ साठी एक वर्षाची सवलत दिली. ही सवलत कायमची झाली, तर दोन वाटांमधील वेळेचा जो सर्वांत मोठा फरक आहे तो जवळजवळ पुसला जाईल.